राखणदाराची राखण

‘कुत्र्याचे वसतिगृह’ हे शब्द ऐकून खेड्यातील माणसास हसू येते. गावाकडे घरची मंडळी लग्नाला वा जत्रेला गेली, तर कुत्र्याचे काय करावे हा प्रश्नच उद्भवत नाही. शेजारची काकू भाकरीचा तुकडा टाकते आणि कुत्रे ओट्यावर पडून राहते. परंतु पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या कुत्र्यास ना ओटा, ना काकू. गणपतीत किंवा दिवाळीत मालक गावी निघाला की त्याला कोठेतरी ठेवणे भाग पडते. पशुवैद्याच्या दवाखान्यास जोडून, शहराबाहेरच्या फार्महाऊसवर, कुणाच्या घरीदेखील, अशा सोयी आता पुष्कळ झाल्या आहेत.

जाहिरातीत हिरवळ आणि पोहण्याचा हौद दाखवतात. ते सगळे दिवसाचे झाले. आपण मात्र पहिला प्रश्न विचारावा तो असा, की रात्री तेथे झोपतो कोण? नोकरमंडळी सायंकाळी सातला कुलूप लावून जात असतील आणि सकाळी आठला उगवत असतील, तर मधले तेरा तास कुत्रे देवाच्या हवाली. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड अशा खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांना कधी कधी जठरात हवा भरून जठरच पीळ खाते. पोट टम्म फुगते, उमाळे येतात पण उलटी पडत नाही, लाळ गळते. तातडीने शस्त्रक्रिया झाली नाही तर काही तासांत प्राणी दगावतो. हे ओळखायला जागे माणूस हवे आणि रात्री दार उघडणारा डॉक्टरही. हल्ली मालकास मोबाईलवर कॅमेऱ्यातून कुत्रे दाखवण्याची सोय असते. उत्तम आहे, पण कॅमेरा काही डॉक्टरला बोलावीत नाही.

दिवाळीत तर रात्र अधिकच वाईट. माणसाला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला सुमारे ४५,००० पर्यंतचा. फटाक्याने बिथरलेले कुत्रे एरवी न ओलांडणारे कुंपणही ओलांडते. म्हणून कुंपणाची उंची पाहावी, आणि फाटकाच्या आत दुसरे दार आहे का तेही.

आता रोगराईविषयी. जो व्यवस्थापक लसीकरणाचा दाखला मागून आपल्याला बेजार करतो, तोच खरा. रेबीज, डिस्टेंपर, पार्व्हो यांच्या लसी न पाहता जो आपले कुत्रे घेतो, तो शेजारच्या पिंजऱ्यातलेही तसेच घेत असणार! पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो आणि साध्या फिनेलला दाद देत नाही. त्यास ब्लीचिंगचे द्रावण लागते. तेव्हा फरशी कशाने धुता, हे विचारण्यात संकोच नको. पावसाळ्यात उंदरांचा सुळसुळाट दिसला तर सरळ परत फिरावे. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो आणि तो माणसालाही होतो.

शक्यतो आगाऊ न कळवता जावे आणि निजायची जागा दाखवायला सांगावे. ‘तिकडे आता नेता येणार नाही’ असे उत्तर आले तर समजून घ्यावे. साखळी किती लांब आहे हेही बघावे. प्राण्याला अवास्तव आखूड किंवा जड साखळीने फार काळ बांधून ठेवणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्यास दंड लिहिला आहे तो १० ते ५० रुपये! तेव्हा कायद्यावर विसंबण्यापेक्षा स्वतःचे डोळे बरे.

खाणे घरचेच द्यावे, कारण एकाएकी अन्न बदलले की हगवण लागते. मोठ्या मुक्कामाआधी एखादी रात्र ठेवून पाहावे, म्हणजे कुत्रे तेथे जेवते की नाही ते कळते.

लसी पुऱ्या न झालेले पिल्लू, माजावर आलेली कुत्री किंवा फार म्हातारे जनावर मात्र कोठेच ठेवू नये. त्यांच्यासाठी ओळखीचे माणूस आपल्याच घरी मुक्कामास बोलवावे. सुट्टीत गावी न जाणारे आमच्या वसतिगृहातले काही मित्र अशा कामास आनंदाने तयार होतील. जेवणाची सोय तेवढी हवी.