सहावे बोट आणि ग्रहण

आमच्या भागातल्या एका घरी बाळ पाहायला गेलो असता आजीबाईंनी दुपटे बाजूला सारून बाळाचा उजवा हात आमच्यापुढे धरला. अंगठ्याला लागूनच आणखी एक लहानसा अंगठा होता. "फादर, गिराणात विळीवर बसल्याली, दुसरं काय हुणार!" असे त्या म्हणाल्या, आणि कोपऱ्यात बसलेल्या बाळंतिणीने मान आणखीच खाली घातली. चौकशी करता कळले, की ग्रहणाच्या दिवशी तिला सहावा महिना चालू होता. हा दोषारोप आम्ही निपाणीकडे ऐकला आहे, बेळगाव-खानापूरकडेही ऐकला आहे. म्हणून या खेपेस शेणखताचा विषय पुढे ढकलून, बोटे कशी घडतात ते सांगतो.

खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवणाऱ्या घरांना यातले पुष्कळ ठाऊक आहे. पिलू एकविसाव्या दिवशी बाहेर येते. पण चौथ्या-पाचव्या दिवशी अंडे अंधारात दिव्यासमोर धरले, तर आत तांबड्या शिरांचे जाळे दिसते. त्याआधीच, तिसऱ्या दिवशी, पंखांचे आणि पायांचे बारीक कोंब फुटलेले असतात. अंड्याच्या कवचाला खिडकी पाडून आतला गर्भ जिवंतपणी पाहता येतो, म्हणून शास्त्रज्ञांना कोंबडी फार सोयीची. पुणे विद्यापीठात डॉ. लीला मुल्हेरकर यांनी कोंबडीच्या गर्भावरच संशोधन केले आणि या विषयाचे अनेक विद्यार्थी घडवले.

अमेरिकेत 1968 साली साँडर्स आणि गॅसेलिंग यांनी एक नाजूक प्रयोग प्रसिद्ध केला. पंखाच्या कोंबाच्या मागच्या कडेचा कणभर तुकडा काढून त्यांनी तो दुसऱ्या गर्भाच्या कोंबाच्या पुढच्या कडेला बसवला. त्या पंखाला बोटांचा दुप्पट संच आला, आणि तोही आरशात पाहावा तसा उलटसुलट. म्हणजे त्या कणभर तुकड्यातून काहीतरी निघत होते आणि शेजारच्या पेशींना 'तुम्ही अमुक बोट व्हा' असा निरोप देत होते.

निरोप एकच, मग बोटे निरनिराळी कशी? निपाणीत तंबाखूच्या वखारीजवळून जाताना नाकाला पदर लावावा लागतो. चार घरे पुढे गेले की वास सौम्य होतो, आणि वेशीपाशी तो जाणवेनासा होतो. डोळे बांधलेला मनुष्यसुद्धा वासाच्या तीव्रतेवरून वखार किती दूर आहे ते सांगेल. पेशी तेच करतात. हाताच्या कोंबात ही 'वखार' करंगळीच्या बाजूला असते. जवळच्या पेशींना निरोप तीव्र आणि जास्त काळ मिळतो, त्या करंगळीच्या बाजूची बोटे घडवतात. अंगठ्याच्या टोकाला तो पोचतच नाही, आणि अंगठा त्याच्यावाचून घडतो. लुईस वोल्पर्ट या शास्त्रज्ञाने ही कल्पना 1969 साली मांडली. निरोप नेणारे प्रथिन मात्र 1993 साली सापडले. त्याचे नाव 'सॉनिक हेजहॉग'! फळमाशीतील तशाच एका जनुकात बिघाड झाला की अळीचे अंग काटेरी दिसते, म्हणून हेजहॉग या काटेरी प्राण्याचे नाव, आणि सॉनिक हे एका व्हिडिओ खेळातले पात्र. शास्त्रज्ञही थट्टेखोर असतात.

वासाची उपमा एका ठिकाणी अपुरी पडते. वास हवेत मोकळा पसरतो. हे प्रथिन मात्र तेलकट आहे, त्याला कोलेस्टेरॉलची शेपटी चिकटलेली असते. तेलाचा थेंब पाण्यात विरघळत नाही, तसे तेही आपण होऊन दूर जाईना. मग ते जाते कसे? आपल्याच राज्यात, बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात, सत्यजित मेयर व सहकाऱ्यांनी 2008 साली फळमाशीत दाखवले, की ही प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर सूक्ष्म पुंजके करतात. पुंजके झाले नाहीत, तर निरोप शेजाऱ्यापर्यंत पोचतो, पण लांब जात नाही. पुढे 2013 साली कोंबडीच्या गर्भात असे दिसले, की पेशी केसाहून कितीतरी बारीक तंतू लांबवर पाठवतात आणि त्यांवरून हे प्रथिन नेले जाते. यांतली कोणती वाट कुठे किती उपयोगी, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे.

आता त्या बाळाचा अंगठा. हे प्रथिन कुठे तयार करायचे ते ठरवणारा एक 'स्विच' आपल्या गुणसूत्रात, मूळ जनुकापासून सुमारे दहा लाख अक्षरे दूर असतो. त्यातले एक अक्षर बदलले, तरी अंगठ्याच्या बाजूलाही थोडे प्रथिन तयार होऊ लागते आणि तिकडे जादा बोट उगवते. हे 2003 साली उघड झाले. असा बदल आईकडून येतो तसा बापाकडूनही येतो, किंवा कोणाकडूनच न येता नव्यानेही घडतो. सहाव्या बोटाची इतरही कारणे आहेत, पण ग्रहण त्यांत नाही. हाताचा कोंब गर्भधारणेनंतर सुमारे 26 व्या दिवशी दिसू लागतो आणि आठव्या आठवड्याच्या अखेरीस बोटे सुटी झालेली असतात. सहाव्या महिन्यात विळीला करण्यासारखे काही उरलेलेच नसते! हे आम्ही आजीबाईंना सांगितले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या, आणि मग त्यांच्या थोरल्या दिरांना गावात 'सहाबोट्या' म्हणत, हे त्यांना आठवले.

बाहेरची कोणतीच गोष्ट गर्भाला बाधत नाही, असे मात्र कोणी समजू नये. अमेरिकेच्या आयडाहो प्रांतात एकच डोळा असलेली कोकरे जन्मू लागली, तेव्हा 1957 पासून सरकारी शास्त्रज्ञांनी शोध घेतला. गाभण मेंढीने चौदाव्या दिवशी डोंगरातली एक रानटी वनस्पती खाल्ली, की असे होई. तिच्यातले द्रव्य याच हेजहॉगचा निरोप अडवते. एका दिवसाचा चारा, आणि तोही गाभण असल्याचे धनगराला कळण्याआधी!

बाईचेही तसेच आहे. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात ती 28 व्या दिवसापर्यंत मिटते. तेव्हा पाळी चुकल्याचे जेमतेम ध्यानात आलेले असते. म्हणून फॉलिक अॅसिडची रोज 400 मायक्रोग्रॅमची गोळी दिवस राहण्याआधीच सुरू करावी. तिने सहावे बोट टळत नाही, पण पाठीच्या कण्याचे व्यंग पुष्कळ अंशी टळते. दुकानातून परस्पर औषधे आणू नयेत. मिश्री आणि तंबाखू बंद करावी. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतील पाहणीत अशा मातांची बाळे सरासरी 105 ग्रॅमने हलकी भरली.

जादा बोटाला घरी दोरा किंवा घोड्याचा केस बांधू नका. अशा अंगठ्यात हाड असते, कधी सांधाही सामाईक असतो. शस्त्रक्रिया साधारण वर्षाच्या सुमारास करतात. तोवर बाळाला एकदा हाडांच्या डॉक्टरांना दाखवून ठेवावे, आणि जाताना बापानेही बरोबर जावे.