'बाबा' आणि दोनचं बटण

जुन्या फोनची बटणं आजच्या मुलाला समजावायला दुबईत उदाहरण शोधावं लागत नाही. रस्त्यावरच्या टोलचा, म्हणजे 'सालिक'चा, मदतक्रमांक ८०० ७२५४५. सातच्या बटणावर एस, दोनवर ए, पाचवर एल, चारवर आय, पुन्हा पाचवर के. हा क्रमांक लावताना एका अक्षराला एकच दाब पुरतो. पण नुसत्या ७२५४५ वरून नाव ओळखायचं तर ३२४ जुळण्या निघतात.

एसएमएस लिहिताना असं मोघम चालायचं नाही. एससाठी सात चार वेळा दाबायचा, एलसाठी पाच तीन वेळा. सबंध 'सालिक'ला तेरा दाब. असे दाब वाचून मजकूर परत देणारा प्रोग्राम भाच्याला पायथनमध्ये लिहायचा होता. बटणांचा फोन त्याने कधी वापरलेला नाही. माझ्या अंगठ्याला मात्र तो अजून पाठ आहे.

त्याचा पहिला विचार सरळ होता: एकाच अंकाची सलग रांग मोजायची आणि तितक्या क्रमांकाचं अक्षर द्यायचं. चाचणीला सातही अमिरातींची नावं घेतली. शारजा, अजमान, फुजैरा, रास अल खैमा बिनचूक आली. दुबई मात्र डी-यू-सी-आय! बी आणि ए शेजारी, दोन्ही एकाच बटणावर. दोन दाब नि एक दाब मिळून तीन, आणि तीन म्हणजे सी. अबू धाबीत हा घोळ दोनदा झाला, आणि उम्म अल कुवेनमधल्या जोडीच्या एमचा एन.

"मामा, मग तुम्ही लिहायचात कसं?"

थांबून. बोट क्षणभर उचललं की कर्सर पुढे सरकायचा. भाच्याच्या आकड्यांच्या ओळीत हे थांबणंच नव्हतं. मग मोकळी जागा म्हणजे थांबणं आणि शून्य म्हणजे दोन शब्दांतलं अंतर, असं ठरलं. खरं तर प्रत्येक दाबाची वेळ नोंदवणं जास्त प्रामाणिक. पण मग थांबायचं किती, हाही वाद आला.

मी त्याला 'बाबा' दिलं. देवनागरीत एसएमएसची मर्यादा १६० वरून ७० अक्षरांवर यायची, त्यामुळे आमचं मराठी रोमनच असायचं. या शब्दाची चारही रोमन अक्षरं दोनच्या बटणावर. न थांबता दाबलं तर सहा दाब. तीन अक्षरांचं चक्र धरलं तर उत्तर सी. अनेक फोनांत तिसऱ्या अक्षरानंतर तो अंकच यायचा, तसं धरलं तर बी.

यातलं कोणतं ठेवायचं, हे त्याच्या वर्गातल्या अरब मित्रांवरून ठरलं. ती मुलं रोमनमध्ये अरबी लिहितात तेव्हा 'हबीबी'तल्या घशातल्या 'ह'साठी सात हा आकडाच घालतात. मग सातच्या बटणावर चार अक्षरं संपली की पाचव्या दाबाला सात आलाच पाहिजे, असं म्हणून भाच्याने सगळ्याच चक्रांच्या शेवटी आकडे बसवले.