दुखरे हात आणि हातांचा छंद

पोटासाठी माणसाला जे करावे लागते ते काम, आणि मनासाठी जे करावेसे वाटते तो छंद. कोणी फावल्या वेळी लोकरीचे स्वेटर विणतो, कोणी लाकडाच्या ठोकळ्यातून चिमुकली बैलगाडी कोरतो, कोणी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवतो, तर कोणी कापडावर रंगीत धाग्यांनी वेलबुट्टी भरतो. या सर्व छंदांत एक गोष्ट समान आहे. ते हातांनी करावयाचे असतात. म्हणूनच अपघातात मनगट मोडले, संधिवाताने बोटे आखडली किंवा पाठीच्या दुखण्यामुळे बसणे कठीण झाले, की पहिली कुऱ्हाड छंदावर पडते. औषध चालू राहते, पथ्य चालू राहते, जमेल तसे घरकामही चालू राहते. परंतु सुईदोऱ्याची टोपली मात्र माळ्यावर जाते. घरची माणसे मायेपोटी म्हणतात, “आता कशाला ही दगदग? स्वस्थ पडून राहा.” या सल्ल्यात प्रेम असते, यात शंका नाही. परंतु ज्याचे अंग रात्रंदिवस ठणकत आहे, त्याच्याजवळ स्वस्थ पडून राहताना सोबतीला दुखण्यावाचून दुसरे काय उरते?

या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी आपल्या करणीने दिले, अशा एका माणसाची हकिकत पाहण्यासारखी आहे. लंडनच्या रंगभूमीवर अर्नेस्ट थेसिजर (१८७९–१९६१) नावाचा एक नट होऊन गेला. नाटकाखेरीज त्याला भरतकामाची अतिशय आवड होती. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले, तेव्हा तो साधा शिपाई म्हणून सैन्यात दाखल झाला. १९१५ च्या आरंभी फ्रान्समध्ये तो व त्याचे सोबती ज्या इमारतीत थांबले होते, तिच्यावर तोफेचा गोळा येऊन पडला. त्याचे काही सोबती जागीच ठार झाले. थेसिजर वाचला, परंतु त्याच्या दोन्ही हातांना जबर दुखापत झाली. ज्याला बोटांनी नाजूक टाके घालावयाचे, त्याच्या हातांवरच हा घाला पडला. तरीही त्याने सुई टाकली नाही. तो पुन्हा रंगभूमीवर उभा राहिला आणि भरतकामही त्याने आयुष्यभर चालू ठेवले. १९४१ साली त्याने या कलेवर एक पुस्तकही प्रसिद्ध केले.

थेसिजर आपल्यापुरते पाहून थांबला नाही. युद्धात हातपाय गमावलेले, अंथरुणाला खिळलेले हजारो तरुण त्या काळी इंग्लंडात परतत होते. त्यांना भरतकाम शिकवावे, अशी कल्पना त्याने मांडली. सुईदोरा हे बायकांचे काम, असे मानणाऱ्या त्या समाजात ही कल्पना अनेकांना चमत्कारिक वाटली आणि प्रारंभी तिला सरकारी पाठिंबा मिळाला नाही. तथापि १९१८ साली अपंग सैनिकांच्या भरतकामाची एक संस्था उभी राहिली. तिचे सैनिक आपापल्या घरी, कित्येकदा बिछान्यावर बसूनच, काम करीत आणि त्या कामाचा मोबदला त्यांना मिळे.

त्याच सुमारास घडलेली आणखी एक गोष्ट अशीच लक्षात राहण्याजोगी आहे. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलच्या मुख्य वेदीसाठी एक भरजरी आच्छादन तयार करावयाचे होते. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, दक्षिण आफ्रिका अशा निरनिराळ्या देशांच्या शंभराहून अधिक जखमी सैनिकांनी रुग्णालयांत बसून त्याचे भाग भरले आणि मग ते एकत्र जोडण्यात आले. १९१९ साली युद्धसमाप्तीच्या प्रार्थनेच्या वेळी ते वेदीवर चढले. पुढे ते कित्येक वर्षे जपून ठेवलेले होते. महायुद्धाला शंभर वर्षे झाली तेव्हा, २०१४ साली, ते पुन्हा लोकांपुढे मांडण्यात आले. ज्या हातांनी बंदुका धरल्या आणि ज्या हातांनी जखमा सोसल्या, त्याच हातांचे ते टाके होते.

आता कोणी विचारील, टाके घातल्याने जखम बरी होते काय? नाही. छंद हे औषध नव्हे. मोडलेले हाड सुईने सांधत नाही आणि झिजलेला सांधा विणकामाने पूर्ववत होत नाही. मग छंदाने होते तरी काय, हे समजण्यासाठी वेदना म्हणजे काय हे थोडे समजून घेतले पाहिजे.

आपल्याला ठेच लागली, की आपण न कळत अंगठा चोळू लागतो आणि चोळल्याने थोडे बरे वाटते. जखम तर होती तेवढीच असते. मग बरे का वाटावे? रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ साली या कोड्याचा एक उलगडा मांडला. त्यांचे म्हणणे असे, की जखमेची वर्दी मज्जातंतूंमधून पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत येते आणि तेथून मेंदूकडे जाते. परंतु ही वाट सताड उघडी नसते. मज्जारज्जूत जणू एक दार असते. स्पर्शाच्या वर्द्या त्याच वाटेने आल्या, की ते दार थोडे लोटले जाते. तसेच मेंदूकडून खाली येणाऱ्या आज्ञांनीही ते कमीअधिक उघडते. पुढील संशोधनाने या कल्पनेत पुष्कळ दुरुस्त्या केल्या. परंतु तिचे सार टिकून राहिले: वेदना केवळ जखमेच्या मापाने ठरत नाही, भीती, निराशा, लक्ष आणि उत्साह यांचाही तिच्यात वाटा असतो.

याचा अर्थ वेदना काल्पनिक असते, असा मात्र मुळीच नाही. दुखणाऱ्याला ते खरोखरच दुखत असते. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या दुखण्याला वैद्यकशास्त्रात जुनाट वेदना म्हणतात आणि पुष्कळदा मूळ जखम भरून आल्यावरही ती मागे राहते. अशा वेळी रिकामे मन दुखण्याभोवतीच घिरट्या घालते. उलट टाके मोजणारे, रंग जुळवणारे, पुढच्या ओळीचा विचार करणारे मन काही काळ तरी दुसरीकडे गुंतते. शिवाय न हलवलेले सांधे आखडतात आणि न वापरलेले स्नायू दुबळे होतात. बेताचे काम त्यांना चालते ठेवते. तिसरा लाभ सर्वांत मोठा. आजारी माणसाला दिवसभर दुसऱ्याकडून काही ना काही घ्यावे लागते. त्याच्या हातून एक टोपडे विणून झाले आणि ते शेजारच्या तान्ह्या बाळाच्या डोक्यावर चढले, म्हणजे घेणारा पुन्हा देणारा होतो.

परंतु दुखऱ्या शरीराने छंद चालवावयाचा, तर तो पूर्वीच्याच पद्धतीने चालेल असा हट्ट धरून भागत नाही. मार्गारेटे श्टाइफ या जर्मन स्त्रीचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. तिचा जन्म १८४७ साली गिंगेन या गावी झाला. दीड वर्षाची असताना तिला पोलिओ झाला. दोन्ही पाय लुळे पडले आणि उजवा हात हलवताना दुखू लागला. तरीही ती शिवणाच्या वर्गाला जाऊ लागली आणि हळूहळू शिवणकामात तरबेज झाली. पुढे घरात शिवणयंत्र आले, तेव्हा नवी अडचण उभी राहिली. यंत्राचे चाक उजव्या बाजूला, आणि तिचा उजवा हात तर कामाचा नव्हता. तिने यंत्राचा नाद सोडला नाही आणि हाताला दोषही दिला नाही. तिने यंत्रच फिरवून उलटे मांडले आणि डाव्या हाताने चाक चालवले! १८८० साली तिने लोकरीच्या नमद्याचा एक लहानसा हत्ती शिवला. टाचण्या टोचून ठेवण्यासाठी केलेला तो हत्ती मुलांनी खेळायलाच पळवला. त्यातूनच पुढे जगप्रसिद्ध झालेल्या खेळण्यांच्या कारखान्याचा उगम झाला.

यंत्र फिरवून मांडण्याची ही युक्ती म्हणजे या सर्व विषयाची किल्ली होय. शरीर बदलता येत नसेल, तर साधन बदलावे, बैठक बदलावी, कामाची वेळ बदलावी. याच विचारावर उभारलेल्या उपचारशास्त्राला व्यवसायोपचार असे नाव आहे. महाराष्ट्रात त्याचा पाया कमला निंबकर यांनी घातला. त्या जन्माने अमेरिकन होत्या आणि विवाहानंतर भारतीय जीवनाशी एकरूप झाल्या. त्यांच्या प्रयत्नांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात हे शास्त्र शिकविणारी शाळा सुरू झाली. व्यवसायोपचारतज्ज्ञ रोग्याला “तुम्हांला काय होते?” एवढेच विचारून थांबत नाही, “तुम्हांला काय करावेसे वाटते?” हेही विचारतो, आणि मग ते कसे करता येईल याची वाट शोधतो.

अशा वाटा कित्येकदा अगदी साध्या असतात. बोटांची मूठ नीट वळत नसेल, तर क्रोशाच्या सुईला कापडाची पट्टी गुंडाळून तिची मूठ जाड करावी. जाड मूठ धरण्यास जोर कमी लागतो. एकच हात कामाचा असेल, तर भरतकामाची चौकट मेजाला चापाने घट्ट बसवावी, म्हणजे उरलेला हात सुईसाठी मोकळा राहतो. मोठे विणकाम दोन लांब सुयांवर तोलण्याऐवजी मध्ये लवचीक तार असलेल्या गोल सुईवर घ्यावे. कापडाचा भार मनगटावर न पडता मांडीवर पडतो. गोधडी जमिनीवर पसरून वाकून शिवण्याऐवजी तिचे लहान लहान चौकोन मेजावर शिवून मागाहून जोडावेत. गुडघे धरले असतील, तर अंगणाऐवजी मेजावर पाट ठेवून त्यावर रांगोळी काढावी. रांगोळी लहान होईल, पण रेषा तीच राहील.

साधनांपेक्षाही वेळेचा हिशेब महत्त्वाचा असतो आणि चूक होते ती येथेच. एखाद्या दिवशी दुखणे कमी असते. माणूस हरखून जातो आणि मागचे राहिलेले सारे काम त्याच दिवशी उरकू पाहतो. परिणामी पुढचे दोन दिवस त्याला हात उचलवत नाही. मग तो निराश होऊन म्हणतो, “हे आपल्याने होणे नाही.” दोष छंदाचा नसतो, मापाचा असतो. म्हणून जाणते लोक सांगतात, की दुखू लागल्यावर थांबू नये. दुखू लागण्यापूर्वी थांबावे. दहा मिनिटे काम, मग विश्रांती, हा नियम चांगल्या दिवशीही मोडू नये. ओळ अर्धी राहिली तर राहू द्यावी. काम करून उठल्यावर ठणका वाढून बराच काळ टिकला, हात सुजला किंवा बधिर झाला, तर ती शरीराची सूचना समजून वैद्याचा सल्ला घ्यावा. सहनशीलता वेगळी आणि हट्ट वेगळा.

कधी कधी मात्र सर्व युक्त्या करूनही जुना छंद हातातून निसटतोच. बारीक जरीकाम करणाऱ्याला ते सोडून जाड लोकरीकडे वळावे लागते. करवत चालवणाऱ्याला कागदी कातरकामावर समाधान मानावे लागते. ही हानी खरी असते आणि तिचे दुःखही खरे असते. “त्यात काय एवढे!” असे म्हणून कोणी ते हसण्यावारी नेऊ नये. परंतु जरीपाशी थांबलेला हात लोकरीशी पुन्हा सुरुवात करतो, तेव्हा तो नवशिक्याचा हात नसतो. रंगांची जाण, टाक्यांची समज आणि धीर ही शिदोरी त्याच्याजवळ आधीचीच असते.

घरात एखादी आजी दुखऱ्या बोटांनी वाती वळत असेल किंवा एखादे काका पट्टा बांधलेल्या कमरेने खुर्चीत बसून कागदाची फुले करीत असतील, तर त्यांच्या हातातील काम काढून घेण्याची घाई करू नये. सुईत दोरा ओवून द्यावा, मेज उजेडात सरकवून द्यावे, लोकरीचा गुंता सोडवून द्यावा. आणि काम पुरे झाले, की ते हातात घेऊन नीट पाहावे. त्यातील एखादा टाका वाकडा असेल. तो टाका घालताना त्या हाताला किती दुखले असेल, हे ज्याला उमगले, त्याला तो वाकडा टाकाही मोलाचा वाटल्यावाचून राहणार नाही.