पावसाचा खंड मोजणारं आपलं सूत्र

आमच्या गटाने शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक बसवलाय. रोज सकाळी साडेआठला आम्ही पाऊस मोजतो आणि वहीत लिहितो. वही भरली की आकडे संगणकावर, लिबरऑफिस कॅल्कमध्ये चढवतो. हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. बेरीज, सरासरी ते चुटकीसरशी काढतं.

पण पिकाला बेरीज कळत नाही, खंड कळतो. एकूण पाऊस चांगला झाला आणि मध्येच तीन आठवडे दडी मारली, तर सोयाबीन माना टाकतंच. सर्वांत मोठा खंड किती दिवसांचा, हे सांगणारं तयार सूत्र आम्हाला कॅल्कमध्ये सापडलं नाही. मग ते आपणच लिहायचं. तशी सोय त्यात आहे. अशा सूत्राला मॅक्रो म्हणतात.

मॅक्रो म्हणजे संगणकाला पायरीपायरीने दिलेल्या सूचना, जशी सुनेला सांगितलेली पाककृती. हवामान खातं अडीच मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तरच तो पावसाचा दिवस धरतं. म्हणून आमच्या सूचना अशा: एकेक दिवस बघ. पाऊस अडीचपेक्षा कमी असेल तर मोजणीत एक वाढव. अडीच किंवा जास्त असेल तर मोजणी शून्यावर आण. सर्वांत मोठी मोजणी लक्षात ठेव. गटातल्या एकीच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने हे बेसिक भाषेत लिहिलं. पायऱ्या मात्र आम्ही सांगितल्या.

पहिल्याच फेरीत उत्तर आलं, एकोणीस दिवस! हा कागद आम्ही ग्रामसभेत मांडणार होतो. तेवढ्यात एक जाऊबाई म्हणाल्या, "अगं, पोळ्याला तर छत्री घेऊन फिरलो की आपण!" वही उघडली. त्या चार दिवसांची घरं कोरी होती. मोजणारी माहेरी गेली होती. संगणकाने कोरं घर शून्य समजलं. शून्य म्हणजे पाऊस नाही. कोरं म्हणजे मोजलंच नाही. चुकीचा कागद सभेत गेला असता, तर आमच्या वहीवर कुणी विश्वास ठेवला नसता.

मग सूचनांत पहिली पायरी घातली: घर कोरं असेल तर थांब आणि "नोंद नाही" असं लिही. आता मोजणारी गावाला गेली तर दुसरीची पाळी ठरलेली असते.

तुम्हीही सूत्र लिहिलंत तर आधी हाताने पडताळा. दहा दिवसांचे आकडे घ्या: १२, ०, १, ०, २, ८, ०, ०, ०, ५. ज्वारीचे दाणे मांडून मोजा. सर्वांत मोठा खंड चार दिवसांचा येतो. संगणकानेही चारच सांगितलं पाहिजे. मग एक आकडा पुसून बघा, तो "नोंद नाही" म्हणतो का.

संगणक हिशेब करतो, पण पाऊस आपण पाहिलेला असतो. उत्तर आलं की आधी आपल्या आठवणीला विचारा. बरं तर, येतो आम्ही!