जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन पहिल्यांदाच खोलताय? आधी धूर बघा, मग पाना उचला

यवतमाळच्या नेरसारख्या कापूस-सोयाबीनच्या तालुक्यात ऐन जूनमध्ये ट्रॅक्टर बसला, तर पेरणी लांबते. म्हणून इंजिनचं काम उन्हाळ्यातच काढलेलं बरं.

१९६० च्या दशकात महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरसोबत आणलेल्या बी-२७५ सारख्या जुन्या इंजिनांत सेन्सर नाहीत, कॉम्प्युटर नाही. त्यामुळे नवशिक्यालाही ती समजतात. पण सुरुवात कुठून करायची?

धूर काय सांगतो?
काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. आधी एअर फिल्टर आणि नोझल तपासा, काम तिथेच भागू शकतं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. सोबत ब्रीदरमधूनही जोरात धूर येत असेल, तर रिंगा आणि लायनर झिजल्याची शक्यता मोठी.

हाफ की फुल?
हेड, पिस्टन, रिंगा, लायनरचं काम म्हणजे हाफ इंजिन. क्रँक आणि बेअरिंगही निघाले की फुल इंजिन. ऑइल प्रेशर कमी असेल, तर क्रँक मोजल्याशिवाय हाफवर थांबू नका. नाहीतर किटचा खर्च पाण्यात जातो.

खोलताना
प्रत्येक पायरीचा मोबाईलवर फोटो काढा. बेअरिंग कॅपवर नंबर टाका. एकाची कॅप दुसऱ्याला लावली, तर क्रँक जाम होऊ शकतो.

काय स्वतः करू नये?
क्रँक ग्राइंडिंग लेथवाल्याकडे, डिझेल पंप कॅलिब्रेशनवाल्याकडे द्या. नवं बेअरिंग क्रँक मोजल्यावरच घ्या. क्रँक ०.२५ मिलिमीटर घासला असेल, तर बेअरिंगही त्याच अंडरसाइजचं लागतं.

बसवताना
रिंगांची तोंडं एका रेषेत ठेवू नका. रिंग गॅप फीलर गेजने मोजा. हेडचे बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्यानेच आवळा. आकडा मॅन्युअलमधलाच घ्या. आणि धूळ? वाळूचा एक कणही नवं बेअरिंग खराब करू शकतो.

सुरू केल्यावर
पहिल्या स्टार्टला नजर ऑइल प्रेशरवर. काटा हलला नाही, तर लगेच बंद करा. त्यानंतर पहिले साधारण ५० तास हलकं काम, मग ऑइल-फिल्टर बदला. लगेच नांगरटीला जुंपलात, तर रिंगा नीट बसायच्या आधीच इंजिन तापेल.

थोडक्यात, अर्धं काम पान्याचं, अर्धं मोजमापाचं. घाई मात्र कुठेच चालत नाही.