सही येते, पण कागद वाचता येतो का?

आज प्रौढ साक्षरतेवर बोलायचं आहे, आणि त्यासाठी भोकरदन ही जागा मला फार योग्य वाटते. हे गाव म्हणजे जुनं भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या स्तूपांना ज्यांनी दान दिलं त्यांची नावं तिथल्या दगडावर कोरली आहेत, त्यांत या गावचेही लोक आहेत. स्वतःचं कोरलेलं नाव त्यांतल्या किती जणांना वाचता येत होतं, कोण सांगणार! नाव लिहिलं जाणं वेगळं आणि ते आपल्याला वाचता येणं वेगळं. आजचा सगळा विषय या फरकाचा आहे.

2011 च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची साक्षरता सुमारे 71.5 टक्के निघाली. पुरुष 81 टक्क्यांच्या वर, स्त्रिया 61 च्या आसपास. वीस टक्क्यांची ही दरी. जनगणनेची व्याख्या तशी चांगली आहे: सात वर्षांवरील ज्या माणसाला कुठल्याही भाषेत समजून वाचता आणि लिहिता येतं, तो साक्षर. पण घरी आलेला प्रगणक काही परीक्षा घेत नाही. घरातलं कुणी म्हणालं 'सही करते', की पुष्कळदा तेवढ्यावरच भागतं. 'समजून' हा शब्द तिथेच गळतो.

आपल्याकडे हे काम नवं नाही. 1855 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. पुढे 1959 मध्ये साताऱ्यात ग्रामशिक्षण मोहीम उभी राहिली आणि ती राज्यभर पसरली. गाव साक्षर झालं की गावाचा गौरव समारंभ व्हायचा. 1972 मध्ये युनेस्कोने तिला क्रुप्स्काया पारितोषिक दिलं. मोठी गोष्ट होती ती, मनापासून सांगतो. पण अक्षर हे रोजच्या वापराचं हत्यार आहे, ठेवून दिलं की गंजतं. समारंभाचे हार सुकले आणि हातात वाचायला काही नसलं, तर शिकलेलं पुसलं जातं. याच्या आठवणी जुन्या कार्यकर्त्यांकडे भरपूर असतात.

मग शिकवायचं काय? ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेअरी यांनी 1963 साली अँजिकोस गावात सुमारे 300 मजुरांना 40 तासांत वाचायला शिकवलं. शिकणाऱ्यांच्या रोजच्या जगण्यातले शब्द घ्यायचे, त्यांवर चर्चा करायची आणि मग ते फोडून अक्षरं शिकवायची, अशी त्यांची पद्धत. आपल्याकडे तेच करायचं तर 'कमळ', 'घर' पुरेसं नाही. आपल्या तालुक्यात पिंपळगाव रेणुकाईला मिरचीचा बाजार भरतो. बाई मिरची घेऊन जाते, वजन होतं, हातात हिशेबाची पट्टी पडते. तीच पट्टी वर्गात आणा की! 'वजन', 'भाव', 'हमाली', 'वजा'. मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या घरासाठी 'उचल' आणि 'फेड' हे दोन शब्द कुठल्याही बाराखडीच्या आधी यायला हवेत. अंगठ्याच्या जागी सही आली पण 'वजा' समजलं नाही, तर फसवणूक फक्त नीटनेटकी झाली.

सध्या 2022 ते 2027 या काळासाठी 'उल्लास' नवभारत साक्षरता कार्यक्रम चालू आहे. पंधरा वर्षांवरील कुणीही शिकू शकतं, शिकवणारे स्वयंसेवक. परीक्षा 150 गुणांची: वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी 50. संख्याज्ञानाला बरोबरीचं वजन दिलं आहे, हे मला आवडतं. खटकतं ते वर्गांच्या वेळेचं. दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाईला सहाचा वर्ग म्हणजे चुलीची वेळ. तिथे नऊ वाजता, एखाद्या ओसरीवर, चार जणींचा वर्ग जास्त टिकतो. आणि ऊसतोडीची माणसं दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. वर्गाचं वर्ष त्यांच्या परतण्यापासून मोजायला हवं, जूनपासून नव्हे.

परीक्षेनंतरचं वाचन हा राहिलेला भाग. राज्यात 1967 पासून ग्रंथालय कायदा आहे, अनुदानित वाचनालयंही आहेत, पण तिथली पुस्तकं आधीच वाचणाऱ्यांसाठी. नवसाक्षरासाठी मोठ्या टायपाची, वीस पानांची, शेतीच्या, औषधांच्या, वारसा-नोंदीच्या माहितीची पुस्तकं एका फळीवर ठेवता येतील. तुमच्यापैकी जे वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहेत, त्यांनी पुढच्या खरेदीच्या यादीत ती फळी घालावी. विचारा, काय म्हणतात ते.