टाकीच्या तळाशी

मिस्त्रींनी मागची सीट उचलली, खालचं झाकण उघडलं आणि टाकीतला पंप बाहेर काढला. पंपाच्या तोंडाशी असलेली जाळी तपकिरी गाळाने माखली होती. तो गाळ बोटावर घेऊन त्यांनी हुंगला आणि विचारलं, "बाटली कसली ओतली म्हणालात?"

गाडी २०११ सालची. मी कामानिमित्त बाहेरगावी होतो, म्हणून ती पावसाळाभर मिरजेच्या घराबाहेर उघड्यावर उभी होती. दसऱ्याला पूजेसाठी चालू करायला गेलो, तर सेल मारला की धरायची, दोन आचके द्यायची आणि बंद पडायची. कशीबशी चौकापर्यंत नेली, तर एक्सिलेटर दाबल्यावर इंजिनातून टकटक ऐकू यायला लागली. मग दुकानात जाऊन 'इंजेक्टर साफ करणारं, पिकअप वाढवणारं' असं छापलेली एक बाटली आणली आणि टाकीत रिकामी केली. फरक काही पडला नाही. शेवटी टोचन करून गाडी गॅरेजला आणली.

मिस्त्रींनी टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढलं आणि ती खिडकीत ठेवून दिली. "बसू दे जरा. बोलंल ती." पोऱ्याला त्यांनी मी नेहमी भरतो त्या पंपावरून लिटरभर ताजं पेट्रोल आणायला पाठवलं.

गिऱ्हाइकाच्या मनात पहिला संशय रॉकेलचा असतो, हे त्यांना तीस वर्षांच्या धंद्याने शिकवलंय. संशयाला कारणही तसंच आहे. इंधनातल्या भेसळीने या राज्यात माणूस मारला आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ भेसळ पकडायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आलं. त्यामुळे मिस्त्री सुरुवात फिल्टर पेपरपासूनच करतात. त्यांनी ताज्या पेट्रोलचा थेंब कागदावर टाकला. दोन-तीन मिनिटांत तो उडून गेला, मागे डाग नाही. रॉकेल असतं तर तेलकट वर्तुळ उरलं असतं. हा कागद पेट्रोलपंपावर कुणीही मागू शकतं. घनता मोजून दाखवायला किंवा पाच लिटरच्या मापात पेट्रोल ओतून दाखवायलाही सांगू शकतं. मी आजवर एकदाही मागितला नव्हता.

मग त्यांनी खुणा असलेली उभी नळी घेतली. त्यात २० मिलिलिटर पाणी आणि वर ८० मिलिलिटर ताजं पेट्रोल. तोंड दाबून हलवलं आणि टेकवून ठेवलं. पाणी खाली बसलं, पण विसाच्या खुणेवर थांबलं नाही. ते पस्तिसाच्या आसपास चढलं होतं. पेट्रोलमधलं इथेनॉल पाण्याने आपल्याकडे ओढून घेतलं होतं. ८० मधले १५-१६, म्हणजे जवळपास वीस टक्के.

"आपल्याच उसाचं," मिस्त्री म्हणाले. त्यांचा स्वतःचा दोन एकर ऊस कारखान्याला जातो. इथेनॉल आता मका आणि तांदळापासूनही बनतं, पण या भागात त्याचं नातं उसाशीच. पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळण्याचा प्रयोग २००१ साली देशात ज्या तीन ठिकाणी झाला, त्यात मिरज होतं. बाकीची दोन मनमाड आणि बरेली. दहा टक्क्यांचा टप्पा गाठायला २०२२ उजाडलं आणि पुढच्याच वर्षी वीस टक्क्यांचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं.

गाडीला याचं काय वाटतं? लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. शिवाय जळायला त्याला हवाही कमी लागते. एक किलो पेट्रोलला साडेचौदा किलोच्या वर, इथेनॉलला नऊच. इंजेक्शनच्या गाडीत धुराच्या नळीतला सेन्सर उरलेला ऑक्सिजन मोजतो आणि त्याप्रमाणे इंधन वाढवून घेतो. गाडी चालते, पण ॲव्हरेज घटतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी ही घट सहा-सात टक्के धरली आहे, तर वीस टक्क्यांसाठी जुळवलेल्या गाड्यांसाठी एक-दोन टक्के. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीला हे गणित स्वतःहून जमत नाही. तिथे जेट बदलावा लागतो.

एवढ्यात खिडकीतली बाटली बोलली होती. वर पिवळसर पेट्रोल, खाली बोटभर गढूळ थर आणि दोघांमध्ये सुरीने कापल्यासारखी रेघ.

थोडं पाणी इथेनॉल पोटात घेतं. मर्यादा ओलांडली की ते पेट्रोलची संगत सोडून पाण्याबरोबर तळाला जातं. पंप इंधन ओढतो तळाशीच, म्हणून आचके. मग टकटक कशाची? इथेनॉलचा ऑक्टेन शंभरावर असतो. ते निघून गेल्यावर वर राहिलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन घसरतो.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलचा धीर. सिलिंडरमध्ये दाबलं जात असताना ठिणगीची वाट पाहत थांबण्याची ताकद. धीर सुटला की उरलेलं मिश्रण ज्योत पोचण्याआधीच आपोआप भडकतं आणि पिस्टनवर हातोडी बसते. मिस्त्री लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून तो आवाज ऐकतात. सतारीची जवारी कानाने काढणाऱ्या कारागिरांच्या या मिरजेत हे शोभून दिसतं. नव्या इंजिनात हे काम नॉक सेन्सर करतो. खडखड जाणवली की ठिणगी थोडी उशिरा टाकतो. इंजिन वाचतं, पिकअप पडतो.

म्हणूनच १०० ऑक्टेनचं महागडं पेट्रोल साध्या गाडीत भरून फारसं काही हाती लागत नाही. जास्त दाबाच्या किंवा टर्बोच्या इंजिनाला जास्त धीर लागतो. ज्याला लागतच नाही, त्याला तो देऊन उपयोग काय?

आणि माझी बाटली? ती फसवी नव्हती, रोग वेगळा होता. अशा द्रव्यातले रेणू साबणासारखे असतात. एक टोक कार्बनला चिकटतं, दुसरं पेट्रोलमध्ये विरघळतं. इंजेक्टरवर किंवा व्हॉल्व्हच्या पाठीवर काट धरला असेल, तर दोन-चार टाक्यांत तो सुटत जातो. पण थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या इंजिनात व्हॉल्व्हला पेट्रोलचा स्पर्शच होत नाही, मग ते धुणार कुठून? आणि तळाला बसलेल्या पाण्यावर हा साबण चालत नाही. मिस्त्रींच्या फळीवर गिऱ्हाइकांनी सोडून दिलेल्या अशा रंगीत बाटल्यांची ओळच आहे.

"पाणी आलं कुठनं पण?" मी विचारलं. त्यांनी टाकीचं झाकण माझ्या हातात दिलं. आतलं गोल रबर कडक होऊन तडकलं होतं. चार महिन्यांचा पाऊस तिथून झिरपला होता.

टाकी धुतली, जाळी बदलली, फुगलेला एक रबरी पाइप बदलला. प्लग काळे पडले होते, ते नवे टाकले. महिन्याभराने ते पुन्हा काढून पाहिले, तर टोकाला फिकट बदामी रंग. निरोगी प्लग असाच असतो. ॲव्हरेज मात्र पूर्वीपेक्षा थोडं कमीच आहे, ते आता तसंच राहणार.

बिल त्या दिवशीच पाहिलं होतं. त्यात सगळ्यात छोटी रक्कम झाकणाच्या रबराची होती. माझी बाटली त्याहून कितीतरी महाग पडली होती.